अंगणातली काळी माती

"कोळसा शिसं खाऊन टाकत नाही गं, नुसतं धरून ठेवतो," शिउली आपांनी बजावलं होतं. "माती कितीही चांगली दिसायला लागली तरी ती तोंडात जाता कामा नये. कुणाच्याच."

तहमिनाने मान डोलावली आणि सोडून दिलं. आपा माती सुधारणाऱ्या संस्थेच्या बाई, दर घरी हेच बोलायच्या. शिवाय तिची लेक टुनी तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिच्या हातांवर तहमिनाची नजर उजाडल्यापासून असायची. आणखी कोण माती खाणार होतं?

घरामागच्या बांबूच्या बेटात पाच वर्षं भट्टी चालली होती, शिशासाठी जुन्या बॅटऱ्या वितळवायची. गावातली वासरं मेली तेव्हा भट्टीवाला पसार झाला. त्याची राख मात्र लोकांच्या अंगणांत राहिली. टुनीच्या रक्तात शिसं निघालं. आकडा एकतीस. पाचाच्या आत हवा, असं डॉक्टर म्हणाले. तहमिना बी.ए. झालेली. आकड्याचा अर्थ तिला कळत होता.

आपांनी पत्र्याची उभी चूल दिली. भात शिजला की खालचे निखारे राख व्हायच्या आत ओढून काढायचे, पाणी मारून विझवायचे, कुटायचे, शेणात कालवून मातीत मिसळायचे. रोज, दोन्ही वेळा.

"लोकांच्या सुना चुलीवरून भात उतरवतात," सासू शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमची बउमा कोळसे उतरवते."

दोन पावसाळे गेले. वाफ्यात आधी मुंग्या आल्या, मग गांडुळं. लाल माठ दाट उगवला. माती काळी, भुसभुशीत झाली, मुठीत घेतली की सोडवेना अशी. टुनीचा आकडा बारावर आला. त्या दिवशी तहमिनाने कुंपणाशी उभं राहून सगळ्या आळीला सांगितलं, "आमची माती आता अगदी धुतल्यासारखी झाली!" इतक्या दिवसांनी ती मोकळेपणाने हसली होती. सासूनेही त्या दिवशी टोमणा मारला नाही.

नणंद मर्जिना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला सातवा लागला होता. ती दुपारची ओसरीवर पाय पसरून बसायची आणि पदराच्या गाठीतून काहीतरी काढून कुरुमकुरुम खायची. भाजलेल्या मातीच्या पातळ वड्या. त्या मुलखात पोटुशी बाई त्या खातेच. हाटात टोपलीभर विकायला असतात. त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. तहमिनानेही बघितलं नव्हतं. ती समोरच नळाशी टुनीचे हात धूत असायची.

त्या दुपारी टुनीची नखं साबणाने घासता घासता तिने सहज विचारलं, "हाटातून कोण आणून देतं गं तुला?"

"हाटातल्या कशाला खाऊ? कुठली माती, कुणाची माती, कोण जाणे!" मर्जिना म्हणाली. "या आपल्या वाफ्यातल्या आहेत, भाबी. मीच थापते, तुझ्या चुलीत भाजते. आल्यापासून खातेय. तूच सांगत होतीस ना, धुतल्यासारखी झालीय म्हणून?" मग पोटावर हात ठेवून ती हसली. "बाळ काळं निघालं तर तुझ्या कोळशाला बोल लावीन हं!"

तहमिनाने साबण तिथेच टाकला. टुनी फेसाने भरलेले हात तसेच पुढे धरून उभी राहिली. तहमिना ओसरीवर गेली आणि तिने मर्जिनाच्या ओठांपुढे ओंजळ धरली.

"थुंक. आधी थुंक, मग सांगते."

"अगं, पण छान लागते. धुराचा वास—"

"माहीत आहे मला तो वास. टुनीच्या वेळी मीही याच अंगणातली खाल्ली आहे." म्हणता म्हणता तहमिनाला आठवलं. तेव्हा बेटात भट्टी पेटलेली होती. हे आजवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मर्जिनाचा आकडा बावीस निघाला. वड्या बंद झाल्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळ अजून पोटात आहे, लाथा मारतं, एवढंच आज सांगता येतं.

दोन वर्षं तहमिना हातांची एकच जोडी धूत राहिली. आता तिचं तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणाला दिवस गेले असतील, तर आज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसा. तिला काय खावंसं वाटतं ते विचारा. ती लाजेल, उडवून लावेल. रागावू नका. ती सांगेपर्यंत उठू मात्र नका.