दरवर्षीसारखी मिरवणूक

सतरा मेला, संविधान दिनी, नॉर्वेत राष्ट्राचा आत्मा रस्त्यावर उतरतो. तो कोणत्या रस्त्यानं जातो, कुठं वळतो आणि वळल्यावर त्याला किती सॉसेज लागतात, हे सगळं एका निळ्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल शगुफ्ता वडैच फेब्रुवारीतच मेट्रोत विसरली होती.

आता पावणेदहा वाजले होते. ओस्लोच्या पूर्वेकडच्या या शाळेच्या पटांगणात दोनशे मुलं हातात झेंडे घेऊन ओळीनं उभी होती. वरून पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. आणि मिरवणुकीच्या पुढे बँड नव्हता. बँडला उशीर झालेला नव्हता. बँड येणारच नव्हता. हे फक्त शगुफ्ताला ठाऊक होतं.

उत्सव समिती दरवर्षी पाचवीच्या पालकांकडे येते. सभेत खिडकी लावू का, असं विचारायला शगुफ्तानं हात वर केला आणि ती अध्यक्ष झाली. टाळ्याही पडल्या. गेल्या वर्षीच्या अध्यक्षीणबाईंनी फाइल तिच्या हातात दिली आणि त्या घर बदलून उत्तरेला कुठंतरी निघून गेल्या. त्याच संध्याकाळी फाइलही गेली.

फाइल हरवली, असं सांगून टाकता आलं असतं. कुणी रागावलं नसतं. भीती तीच होती. सगळे म्हणाले असते, "अगं, होतं असं," आणि पुढची वीस वर्षं लक्षात ठेवलं असतं. 'या लोकांच्या हाती दिलं की असं होतं' हे वाक्य कुणीही उच्चारलं नसतं आणि सगळ्यांना ऐकू आलं असतं. एकोणीस वर्षं ती इथं राहत होती. इथली शांतता तिला भाषेपेक्षा आधी समजायला लागली होती.

म्हणून तिनं आडून आडून चौकशी केली. शाळेची देखभाल तीस वर्षं ओडवारकडे होती.

"ओडवार, सॉसेज साधारण किती मागवतात रे?"

"नेहमीइतके."

"आणि बँड?"

"नेहमीचाच."

"तो कुठून येतो?"

"नेहमी येतो तिथूनच. फाइलीत असेल की."

रस्ता मुलांनाच पाठ होता. सॉसेजचं तिनं अंदाजानं निभावलं. सगळ्यांना चालतील म्हणून कोंबडीचे मागवले. बँड अंदाजानं येत नाही. तिनं चौदा बँडना फोन केले. सतरा मेसाठी सगळे जानेवारीतच ठरलेले होते. एक जण हसला, मग हसल्याबद्दल त्यानं माफी मागितली. ते जास्त लागलं. आज पहाटे सहाला, दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा, तिनं धाकट्या दिराला उठवलं. तन्वीर लग्नांत ढोल वाजवायचा.

तो आला. सोनेरी काठाची शेरवानी आणि तुऱ्याचा फेटा. ढोल वाजवायचे त्याच्याकडे तेवढेच कपडे होते.

"भाभी, काय वाजवू? वरातीचं की मेंदीचं?"

"नॉर्वेचं वाजव."

"ते मला कुठं येतंय?"

"मग निदान हळू वाजव."

फाटकाशी बोरघिल्ड स्लेटन उभ्या होत्या. वय शहाऐंशी. लोकरीचा जुना पारंपरिक पोशाख, छातीवर आजीची चांदी. त्यांचा जन्म याच वस्तीतला. दरवर्षी त्या मिरवणूक संपेपर्यंत बघायच्या आणि शाळेला पत्र लिहायच्या. गेल्या वर्षीचं पत्र झेंड्याच्या चुणीबद्दल होतं. त्याआधीचं, राष्ट्रगीत चालू असताना च्युइंगम चघळणाऱ्या एका मुलाबद्दल. शगुफ्ताला त्या दिसल्या. पण घड्याळात दहा वाजले होते.

ढोल सुरू झाला.

शाळेचा फलक घेऊन सगळ्यांत पुढे शगुफ्ताची मुलगी मेहविश होती. तिनं मागे वळून पाहिलं.

"अम्मी, हे काय? सगळे बघतायत!"

"बघू देत. तू पुढे बघ."

"मी शाळा बदलणार."

"बदल. पण आधी हा रस्ता संपव."

शगुफ्ता कुणाकडेच बघत नव्हती. ती रस्त्यातल्या गटारांची झाकणं मोजत चालली. मुलांनी "हुर्रा" केलं. मग तेच ढोलाच्या ठेक्यावर केलं. चढणीवर मुलं जरा उड्या मारायला लागली. तिनं तन्वीरला डोळ्यांनी दटावलं, त्यानं ढोल आणखी हळू केला. पावसात पंचेचाळीस मिनिटं अशी गेली. एवढा लांब रस्ता तिनं यापूर्वी एकदाच चालला होता, दवाखान्याच्या जिन्यापासून प्रसूतीच्या खोलीपर्यंत.

पटांगणात परत आल्यावर ढोल थांबला. बोरघिल्डबाई काठी टेकत थेट तिच्याकडे आल्या. शगुफ्तानं माफी तीन तऱ्हांनी पाठ करून ठेवली होती. त्यातली एकही आठवेना.

"अध्यक्ष तूच ना गं?"

"हो."

"तो ढोल."

"बोरघिल्डबाई, सांगते ना, त्याचं असं झालं—"

"फार हळू होता. दरवर्षी असा मेलेला नसतो."

शगुफ्तानं ओडवारकडे पाहिलं. ओडवारच्या तोंडात कोंबडीचा सॉसेज होता. तो त्यानं गिळला आणि मान हलवली.

"खरंय. दरवर्षी कसा खणखणीत असतो."

"माफ करा," शगुफ्ता म्हणाली. "पुढच्या वर्षी लक्ष ठेवीन."

"ठेव. जुन्या गोष्टी जपायला हव्यात," बोरघिल्डबाई म्हणाल्या आणि आइस्क्रीमच्या रांगेकडे गेल्या.

त्या शाळेत पहिला ढोल वाजल्याला तेव्हा एक तासही झाला नव्हता.