निळं कोपर

"भिंत बेकायदेशीर आहे की नाही, हे मी बघतच नाही," साहेब म्हणाले.

रफूवाल्या काकूंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पालिकेच्या कारभाराची फेरतपासणी करणारे हे स्वतंत्र अधिकारी. कोणाच्या अध्यात ना मध्यात, कोणाला भीक न घालणारे, अशी त्यांची ख्याती ऐकून काकू दोन बस बदलून आल्या होत्या.

"मग काय बघता?"

"पालिकेनं तुमची तक्रार नीट हाताळली का, एवढंच. नोंदवली? नोंदवली. माणूस आला? आला. मोजमापं घेतली? घेतली. कारवाईची गरज नाही असं लेखी कळवलं? कळवलं. सगळं नियमाप्रमाणे झालंय."

"पण निर्णय चुकलाय ना!"

"चुकला असेल. पण चुकताना त्यांनी एकही पायरी गाळलेली नाही."

काकूंचा पारा चढला. शेजारच्या फर्निचरवाल्यानं गोदामाची भिंत परवानगीपेक्षा एक मजला वर नेली आणि काकूंच्या खिडकीतला उजेड गेला. रफूचं काम म्हणजे सगळा उजेडाचा खेळ. कापड आणि दोरा खिडकीत शेजारी धरूनच रंग जुळवायचा. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात. तिथेच घात झाला. एका वकिलांच्या काळ्या कोटाचं कोपर काकूंनी इतकं बेमालूम रफू केलं, की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी वकील तणतणत कोट परत घेऊन आले. कोर्टाच्या आवारात उन्हात त्यांचं कोपर निळंशार दिसत होतं म्हणे, आणि समोरच्या पक्षाचा वकील साक्षीदारांनाही बोलावून दाखवत होता. ही बातमी गावभर झाली आणि गिऱ्हाईकं गल्लीच्या तोंडावरूनच वळायला लागली. सून म्हणाली, "आई, आता बंदच करा हे काम." त्या दिवशी काकूंना जेवण गोड लागलं नाही.

त्यांनी पिशवीतून तोच कोट काढला आणि टेबलावर पसरला.

"हा बघा पुरावा. त्या भिंतीनं काय केलंय ते डोळ्यांनी बघा."

साहेबांनी चष्मा सारखा केला, बाही उलटसुलट करून पाहिली. "बाई, काम सुरेख आहे. काळ्यावर काळं. मला तर काहीच वावगं दिसत नाही."

काकूंनी वर पाहिलं. भर दुपारी खोलीत ट्यूबलाइट जळत होती. बाहेर लख्ख ऊन आणि खिडकीवर हा जाडजूड पडदा! सरकारी वीज, यांच्या खिशाला कुठे चाट बसतेय, असं त्यांच्या मनात आलं.

"इथे कसं दिसेल? खिडकीशी चला."

"नको, नको," साहेब जरा घाईनंच म्हणाले. "तशी काही गरज नाही."

पण काकू ऐकतात थोड्याच! कोट खांद्यावर टाकून त्या उठल्या आणि त्यांनी सर्रकन पडदा ओढला.

काचेपलीकडे वीतभर अंतरावर विटांची भिंत होती. खालपासून वरपर्यंत. ऊन सोडाच, चिमणीला बसायलासुद्धा जागा नव्हती.

काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. "अगं बाई! हे कोणी केलं?"

"पालिकेनंच. वाहनतळाचा जिना आहे. विनापरवाना." साहेबांना बोलताना खरंच वाईट वाटत होतं. "बाहेर पाऊस पडतोय की ऊन आहे, ते मला शिपायाला विचारावं लागतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कसला बसतोय! रीतसर तक्रार केली. त्यांनी नोंदवली, माणूस पाठवला, मोजमापं घेतली आणि कारवाईची गरज नाही म्हणून लेखी कळवलं. मग मी स्वतंत्र फेरतपासणी मागितली."

"मग? काय झालं तिचं?"

साहेबांनी पडदा हलक्या हातानं पुन्हा सारखा केला आणि ते आपल्या खुर्चीत येऊन बसले.

"फेटाळली मी," ते म्हणाले.