बशीएवढा सूर्य

आईनं कात्री उचलली आणि सूर्य कापायला घेतला.

पुठ्ठा जाड, वर रंगाचे थरावर थर. कात्री कुरकुरत होती. सूर्य ताटाएवढा होता, तो बशीएवढा करायचा होता. आधी कडेच्या ज्वाळा गेल्या. दात घासायच्या जुन्या ब्रशनं शिंतोडे उडवून लेकीनं त्या काढल्या होत्या, चांगली खपली होती बिचारी. आईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हिशोब म्हणजे हिशोब. सूर्य जेवढा मोठा, तेवढे ग्रह लांब मांडायला लागतात. ताटाएवढ्या सूर्याचा नेपच्यून पार मोठ्या रस्त्यापलीकडे जात होता. पाहुण्यांना उन्हातान्हात तिथवर कोण चालवणार? लेक पहिल्यापासून ताटावरच अडून बसली होती, का ते सांगत नव्हती. बशीएवढ्या सूर्याचा नेपच्यून कसा शहाण्यासारखा गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानापाशी येऊन बसत होता.

आणि आज सगळं नीटनेटकं व्हायलाच हवं होतं. मुलांना घरीच शिकवणारी आणखी पाच-सहा घरं गल्लीत मांडलेली सूर्यमाला बघायला येणार होती. गल्लीतले नाक मुरडणारेही येणार होते. ते बघतील, वा म्हणतील, आणि फिरत फिरत ते अण्णांच्या कानावर जाईल. आईला खरं तर तेवढंच हवं होतं.

अण्णा म्हणजे आईचे वडील. उभा जन्म हेडमास्तरकी केलेले. दोन वर्षांपूर्वी तिनं लेकीचं नाव शाळेतून काढलं, तेव्हा ते आवाज न चढवता म्हणाले होते, "पोरीला घरी बसव, तुझी मर्जी. पण त्याला शाळा म्हणू नकोस माझ्यासमोर." आई उठली, चपला पायात सरकवल्या आणि परत अण्णांच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. लेक मात्र दर रविवारी बाबांबरोबर आजोबांकडे जायची. ते आईनं कधी अडवलं नाही. तिथं काय बोलणं होतं, हेही कधी विचारलं नाही.

डोळे चोळत खारू बाहेर आली. लेकीचं हे घरातलं नाव. दिसेल ती वस्तू कुठंतरी दडवून ठेवायची सवय, म्हणून खारू. तिनं टेबलावरचा सूर्य पाहिला, मग खाली पडलेलं पिवळं कडं पाहिलं. आई भराभर सांगत सुटली. सूर्य लहान झाला की ग्रहही लहान करायला हवेत. गुरूच्या गोटीवर तू काडीनं पट्टे ओढलेस ते सुंदरच, पण आता तिथं मणी. पृथ्वी मोहरीएवढी होती, ती खसखशीएवढी. नेपच्यूनचा निळा वाटाणा जाऊन तिथं धण्याचा दाणा.

खारूनं सगळं ऐकून घेतलं. "मग नेपच्यून रस्ता ओलांडणार नाही?"

"कशाला ओलांडायला हवाय? इथंच छान बसतोय की."

खारूनं वाटाणा उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला. रुसली असेल, संध्याकाळपर्यंत विसरेल, असं म्हणून आई धण्याचे दाणे निवडत बसली.

कार्यक्रम दृष्ट लागण्यासारखा झाला. भिंतींवर, विजेच्या खांबांवर ग्रह चिकटवले होते आणि मुलं एकापासून दुसऱ्यापर्यंत पळत सुटली होती. नाक मुरडणाऱ्या शेजारणीसुद्धा औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेल्या. खारू तिथं उभी होती. तिनं नेपच्यूनची माहिती घडाघडा सांगितली, सामानाची यादी वाचावी तशी. सारखी रस्त्यापलीकडे बघत होती. पाहुण्यांकडे बघून बोल, असं आईनं तिला दोनदा दटावलं.

सगळे गेल्यावर आई पायरीवर टेकली. आज कुणीतरी अण्णांना सांगणारच, या विचारानं तिला बरं वाटत होतं. तेवढ्यात खारू समोर येऊन उभी राहिली. तिच्या मुठीत तो वाटाणा होता.

हा द्यायला जायचंय, म्हणाली. मी सांगून ठेवलं होतं त्यांना.

कुणाला, ते न सांगता ती चालायला लागली. आई मागून धावली आणि मोठा रस्ता ओलांडताना तिनं लेकीचा हात धरला. पुढच्या वळणावर आईची चाल मंदावली. या वाटेवरचं एकूणएक फाटक तिच्या ओळखीचं होतं.

फाटक सताड उघडं होतं. अंगण लख्ख झाडलेलं. फाटकाच्या खांबाला, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, नवा खिळा ठोकला होता आणि त्याला दोऱ्याचा फास अडकवून ठेवला होता. अंगणात खुर्च्यांच्या रांगा होत्या. चार घरांतून मागून आणलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. बुटक्या पुढे, उंच मागे. स्टुलावर पाण्याचा जग आणि पालथे घातलेले पेले. जुन्या फळ्यावर ते ठसठशीत अक्षर होतं, जे गिरवत आई लहानपणी लिहायला शिकली: नेपच्यून. सूर्यापासून सर्वांत लांब. चालत आलेल्यांनी आधी पाणी प्यावे.

इस्त्रीचा शर्ट घातलेले अण्णा एकेक खुर्ची उचलून आत नेत होते.

आता आईला उमगलं. पोरीनं सूर्याचं माप ताटावरून घेतलंच नव्हतं. या फाटकावरून घेतलं होतं. आणि आपण ते केराच्या टोपलीत टाकून आलो.

खारूनं पळत जाऊन वाटाणा आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सारखा करून तो उजेडात धरला, सगळीकडून पाहिला आणि शर्टाच्या खिशात जपून ठेवला. मग त्यांचं आईकडे लक्ष गेलं.

"मला वाटलं, मुलं इथवर येतील," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची खुर्ची उचलली. "सुटली वाटतं तुझी शाळा."