गाबोळीचा उतारा

लग्नाला चार वर्षं झाली तरी सून पंकजाची कूस उजवेना, तसा दगडाबाईंच्या जिवाला घोर लागला. तिला दाखवून जामखेडचे डॉक्टर झाले, नगरचे झाले. शेवटी त्यांनी आईकडून ऐकलेला उपाय काढला आणि सुनेला रोज गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, खाऊ घालायला लागल्या. "दिवाळीपत्तुर बघते, न्हाईतर हिला म्हायेरी धाडते," असं वैजनाथला, म्हणजे आपल्या लेकाला, सुनेच्या देखतच ऐकवलं.

गावच्या तळ्यात गाबोळीला तोटा नव्हता. वरच्या अंगाला गोळ्या-औषधांची कंपनी आल्यापासून तर जाळ्यात येईल ती मासळी पोटुशीच! दगडाबाई म्हणायच्या, "तळ्याला देवीच पावली." पिल्लू म्हणून कुठं दिसत नव्हतं, पण तिकडं कोण बघतं?

एक दिवस तळ्यातले मासे तपासायला कॉलेजातल्या मैत्रेयी मॅडम दारी आल्या. दगडाबाईंच्या विळीपाशी टेकून त्यांनी चिरलेला मासा निरखून पाहिला.

"मावशी, हा नर आहे."

"नराच्या पोटात गाबोळी? मला येडी समजता व्हय?"

"कंपनीच्या पाण्यातून औषध तळ्यात उतरतंय. त्यानं नरांच्याच पोटात अंडी धरतात. मग पिल्लं कुठून होणार? माद्यांचा त्यात काही दोष नाही."





चुलीपुढची पंकजा चार वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून बोलली, "आत्याबाई, एकदा ह्यास्नी बी दाखवू या की डॉक्टरला."