मोगऱ्याचा उपास

"या काड्या घालतं काय आता रामनवमीले महाराजाच्या गळ्यात, तानुमाय?" भागवतरावांनी काठीच्या टोकानं मोगऱ्याचं बुड हलवून पाहिलं.

माघ निम्मा झाला होता. राममंदिराच्या भिंतीलगतची आठ झाडं तानुबाईनं गुडघ्याइतकी छाटली होती. राहिलेलं पान न् पान ओरबाडून काढलं होतं, बुडाची माती उकरून उघडी टाकली होती, आणि दहा दिवसांपासून पाण्याचा थेंब दाखवला नव्हता.

"मेले नाईत ते, भाऊ. त्यायचा उपास हाये," तानुबाई म्हणाली. "शिवरातीपावतर पानी नाही द्यायचं. मंग पाहा कशा कळ्या धरतात."

"झाडायचा उपास. मंग साबुदाना बी भिजव त्यायच्यासाठी."

पारावरची माणसं हसली. तानुबाईनं पदरानं हात पुसले आणि पुन्हा माती उकरायला बसली.

भागवतरावांना त्या गावंढळपणाची कीवच आली. वर्षापूर्वी ते नोकरीतून मोकळे झाले होते. घराच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली त्यांच्या बासष्ट कुंड्या होत्या आणि दर कुंडीला नावाची पाटी होती. दर रविवारी ते गावाच्या ग्रुपवर 'वसंत आला, बाग सांभाळा' या मथळ्याखाली सूचना धाडत. कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवा. बुडाशी पाचोळा अंथरा. काकडी-दोडक्याचं बी आत्ताच टोबा. पाणी सकाळ-संध्याकाळ द्या, नागा नको. गाव खाली हात जोडल्याची चित्रं टाकत असे. तानुबाईकडं फोनच नव्हता. कीर्तनात ती खांबाला टेकून बसायची आणि अभंगाला तोंड फुटलं की हिच्या डोळ्यांतून धार. रडायला अक्कल लागत नाही, असं भागवतरावांचं मत होतं.

एरवी त्यांनी तिच्याकडं लक्षही दिलं नसतं. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. रामजन्माचं कीर्तन करणाऱ्या महाराजांच्या गळ्यात देवळाच्याच मोगऱ्याचा हार पडायचा, हा गावचा रिवाज. बाजारचं फूल चालत नसे. हार गुंफायची तानुबाई, आज एकोणीस वर्षं. घालायचा मान मात्र सप्त्याच्या अध्यक्षाचा, आणि कितीतरी वर्षं वाट पाहून ते अध्यक्षपद यंदा पहिल्यांदा भागवतरावांकडं आलं होतं. महाराजांना त्यांनी स्वतः फोनवर सांगून ठेवलं होतं, "हार असा घालतो, का वास मांडवाच्या बाहेर गेला पाहिजे."

"उद्यापासून तू वाती वळत बस," ते म्हणाले. "मोगऱ्याचं मी पाहतो."

"भाऊ, चार दिवस कळ काढा. आता पाजलं तर निस्ता पालाच येईन."

"तू मले शिकवून राह्यली?"

तानुबाई उठली. खुरपं तिनं ओट्यावर ठेवलं.

भागवतरावांनी चिखलीहून पन्नास फुटी पाइप आणला. दोन्ही वेळा पाणी सुरू झालं. पोत्यातलं दाणेदार खत मुठीमुठीनं पडलं. आठवड्यात काड्यांना हिरवे डोळे फुटले, पंधरवड्यात झाडं भरली. भागवतरावांनी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'श्रद्धेला शास्त्राची जोड हवी.' गावानं पुन्हा हात जोडले. तानुबाई वातींचं ताट घेऊन जाता-येता थांबायची, झाडांकडं पाहायची आणि म्हणायची, "पाला लय छान आला, भाऊ." म्हातारी ताळ्यावर आली, असं ते समजले.

नवमीला सकाळी फेटा बांधून, ताटात ओला रुमाल अंथरून ते फुलं तोडायला निघाले. झाडं कमरेपर्यंत आली होती. त्यांनी पहिल्याची पानं बाजूला केली. दुसऱ्याची केली. पाचव्यापाशी त्यांनी धोतर सावरून गुडघे टेकले. आठव्यापाशी घाम डोळ्यांत उतरला. गर्द, तुकतुकीत पाला. कळी एक नाही.

आत मृदंगावर थाप पडली. माईकवरून अध्यक्षांच्या नावाचा पुकारा झाला. भागवतराव मांडवात शिरले ते रिकामं ताट रुमालानं झाकून. सारं गाव त्या रुमालाकडं पाहत होतं.

तेवढ्यात वास आला. आधी वास, मागून तानुबाई. दोन पळसाच्या पानांवर टपोऱ्या कळ्यांचा हार, पाण्यानं निथळणारा. देवळाच्याच आवारात, सप्त्याच्या चुली मांडतात त्या शेडमागं, राखेच्या ढिगाशी, मोगऱ्याचं नववं झाड होतं. भागवतरावांना ते ठाऊकच नव्हतं. तानुबाईनं शिवरात्रीपर्यंत ते कोरडं ठेवलं होतं आणि नंतर रोज चरवीभर पाणी घातलं होतं.

तिनं हार त्यांच्या ओंजळीत दिला. "घाला. मान तुमचा हाये."

भागवतरावांनी हार घातला. महाराजांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"माउली, चार जिल्हे फिरलो," ते माईकवर म्हणाले, "असा मोगरा नाही पाहिला. कोणाच्या हातचा हा?"

भागवतरावांची नजर सतरंजीवरून हलेना. तानुबाई आपल्या खांबाला टेकून बसली होती. तिनं तिथूनच हात जोडले.

"भागवतरावायची किरपा, महाराज," ती म्हणाली. "त्या झाडाले त्यायनं हात नाही लावला."