प्रबंधाची लिंक

"ही लिंक मी दाबणार नाही," सर म्हणाले आणि खाली विंचू असावा तसा त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

समोर त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी उभी होती. पाच वर्षं रक्त आटवून तिने 'माहिती सुरक्षेच्या शिक्षणातील संशोधनाचे नवे प्रवाह' हा प्रबंध उभा केला होता. आता मार्गदर्शक म्हणून सरांनी विद्यापीठाच्या मेलमधली संमतीची लिंक दाबायची, की प्रबंध जमा. पाचच्या आत दाबली नाही, तर नोंदणी रद्द. पाचला बारा मिनिटं कमी होती.

"अहो सर, विद्यापीठाचीच मेल आहे ती!"

"कशावरून? आज दुपारी तुझा प्रबंध वाचला."

"आज?"

"पहिल्यांदाच वाचला. डोळे उघडले बघ." सरांनी चौथ्या प्रकरणावर बोट टेकवलं. "फसव्या मेलच्या खुणा. घाई करतात. पाचच्या आत, आहे. भीती घालतात. नोंदणी रद्द, आहे. पत्ता नेहमीचा नसतो. हा बघ, कुठला तरी भलताच. बाकीच्या चारही आहेत. सातपैकी सात!"

"पण सर, त्या खोट्या मेलच्या खुणा आहेत. ही खरी आहे."

"बरं. मग खऱ्या मेलच्या खुणा कुठल्या प्रकरणात आहेत?"

ती पानं चाळायला लागली. कुठेच नव्हत्या. दोनशे शोधनिबंध तिने पालथे घातले होते. सगळ्यांनी खोटी कशी ओळखायची तेच शिकवलं होतं. खरी कशी ओळखायची, ते शिकवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तिने वाकून पुन्हा ती मेल वाचली. पत्ता खरंच भलता होता. आता तिचंच डोकं चालेना.

घाईघाईने तिने परीक्षा विभागाला फोन लावला.

"हो हो मॅडम, आम्हीच पाठवलीय," पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला. "कुणाचाच विश्वास बसत नाहीये हो. खात्री करायचीय ना? तुमच्या मोबाइलवर एक लिंक पाठवतो. तेवढी दाबा, पण लगेच."

मोबाइल टिंग वाजला. पाचला तीन मिनिटं.

तिचं बोट त्या निळ्या अक्षरांपर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. सर श्वास रोखून बघत होते. शेवटी तिने मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि त्यावर प्रबंध ठेवला.

"शाबास!" सर म्हणाले.