तीस टक्के

लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट लागून राजेश्रीचा डावा डोळा गेला होता. तलाठ्याच्या भरतीत अपंगांसाठी राखीव जागा निघाली, म्हणून ती बापाला, सटवाजीला, सोबत घेऊन अपंगत्वाच्या दाखल्यासाठी झरीहून परभणीच्या दवाखान्यात आली. डॉक्टरांनी गेलेला डोळा पाहिला आणि मग बराच वेळ चांगला डोळा तपासला.

"हा अगदी ठणठणीत आहे. एकच डोळा गेला असेल तर तीस टक्के धरतात. जागेसाठी चाळीस लागतात."

राजेश्री उठली. सटवाजी मात्र खुर्चीत पुढं सरकला.

"म्हंजी माजी पोरगी अपंग न्हाई?"

"सवलतीपुरतं कायदा हिला अपंग धरत नाही."

"मंग तसं लिहून द्या की साहेब. पिंगळीचे पाव्हणे पोरगी बघून तेवढ्यासाठीच नको म्हणून गेले."

दवाखान्याबाहेर तो भेटेल त्याला सांगत सुटला. चहावाल्याला सांगितलं, जीपवाल्याला सांगितलं. "सरकारच म्हनायलंय, अपंग न्हाई म्हणून." राजेश्री मागून चालत होती.

स्टँडजवळ फोटो स्टुडिओ दिसला तसा तो थांबला. "चल, नवा फोटो काढू. पाथरीचं एक स्थळ हाय. आता काय भ्यायचं?"

राजेश्री आत जाऊन स्टुलावर बसली. सटवाजी फोटोवाल्याच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "उजव्या अंगानं काढा."

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. राजेश्रीनं मान आधीच वळवून ठेवली होती.